मक्याच्या शेतातील प्रार्थनास्थळ

सृष्टीच्या जपणुकीवर प्रवचन करावयाचे झाले की आपणांपैकी अनेकांच्या ओठी एक दृष्टान्त येतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात काही धर्मभगिनींनी आपल्या मक्याच्या शेतात, जेथून वायुवाहिनी जावयाची होती नेमक्या त्याच पट्ट्यात, एक उघडे प्रार्थनास्थळ उभारले आणि बलाढ्य कंपनीसमोर प्रार्थनेची भिंत उभी केली, असा तो दृष्टान्त. मीही तो सांगितलेला आहे. धर्मशिक्षकांच्या एका शिबिरात सांगताना श्रोत्यांचे डोळे पाणावलेले पाहून मला समाधानही वाटले होते. पुढे त्या प्रकरणातील न्यायनिर्णय वाचण्याचा योग आला, आणि आपण सांगत होतो ती गोष्ट अर्धीच होती हे ध्यानी आले. उरलेला अर्धा भाग प्रवचनकाराला गैरसोयीचा आहे. परंतु बोधाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे, असे माझे मत झाले आहे. प्रस्तुत लेखात त्या संघाच्या प्रयत्नाची सहृदयतेने, पण भाबडेपणा न ठेवता, चिकित्सा करण्याचा विचार आहे.

१. काय घडले

'ख्रिस्ताच्या रक्ताच्या आराधिका' हा व्रतस्थ भगिनींचा संघ संत मारिया दे मात्तियास ह्यांनी १८३४ साली इटलीतील आकुतो ह्या गावी स्थापन केला. संघाच्या अमेरिकेतील भगिनींनी २००५ साली 'भूमिनीती' ह्या नावाचे एक छोटे निवेदन स्वीकारले. पोप फ्रान्सिस ह्यांचे 'लाउदातो सी' हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले ते २०१५ साली. म्हणजे ह्या भगिनी त्याच्या दहा वर्षे आधीच ह्या वाटेने निघाल्या होत्या, हे प्रथमच नमूद केले पाहिजे.

लँकेस्टर परगण्यात, कोलंबिया गावाजवळ, संघाची जमीन आहे. तिच्यातून 'अटलांटिक सनराइज' नावाची वायुवाहिनी नेण्याचे ट्रान्सको कंपनीने योजिले. राज्याच्या उत्तर भागातील मार्सेलस नावाच्या खडकथरांतून काढलेला नैसर्गिक वायू दक्षिणेकडे पोहोचविणारी ही सुमारे तीनशे किलोमीटर लांबीची नवी वाहिनी. ह्या भागात तिच्या नळाचा व्यास ४२ इंच. कंपनीने संघीय ऊर्जा नियामक आयोगाकडे मार्च २०१५ मध्ये रीतसर अर्ज केला आणि ३ फेब्रुवारी २०१७ रोजी आयोगाने परवानगी दिली. अमेरिकेच्या नैसर्गिक वायू कायद्याप्रमाणे अशी परवानगी हाती आली की मालक राजी नसला तरी कंपनीला न्यायालयामार्फत सक्तीने जमिनीचा हक्क घेता येतो. भगिनींनी मोबदला नाकारला होता. तेव्हा कंपनीने न्यायालयाचा मार्ग धरला.

९ जुलै २०१७ रोजी, परगण्यातील वाहिनीविरोधी नागरिकांच्या साह्याने, त्या शेतात लाकडी बाके आणि एक कमान एवढेच असलेले प्रार्थनास्थळ अर्पण करण्यात आले. त्याच आठवड्यात भगिनींनी आयोगाविरुद्ध दावा लावला. १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायद्याचा आधार घेऊन त्यांनी म्हटले की, भूमीचे पावित्र्य जपणे हा आमच्या श्रद्धेचाच आचार आहे आणि आमच्या भूमीतून ही वाहिनी नेणे म्हणजे आम्हांस आमच्या श्रद्धेविरुद्ध वागावयास लावणे होय. जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये दावा काढून टाकला. ऑक्टोबरमध्ये काम सुरू झाले तेव्हा शेतात प्रार्थना करीत वाट अडविणाऱ्या वीसहून अधिक लोकांना अटक झाली. जुलै २०१८ मध्ये अपील न्यायालयाने खालचा निर्णय कायम केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाहिनीतून वायू वाहू लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पुढे नुकसानभरपाईसाठी केलेला दुसरा दावाही २०२२ मध्ये अपिलात टिकला नाही.

२. भूमिनीती आणि तिचा अपुरेपणा

लिन व्हाइट ह्या इतिहासकाराने १९६७ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात जो प्रसिद्ध आरोप केला, तो ईशज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. मनुष्याला सृष्टीचा स्वामी ठरविणाऱ्या पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारातच आजच्या पर्यावरणीय संकटाचे मूळ आहे, असा त्याचा आशय होता. ह्या आरोपास आपण बहुधा उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाने उत्तर देतो : मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायाचाही आधार घेतो : भूमी परमेश्वराची आहे, आपण तिच्यावर उपरे व पाहुणे आहोत. उत्तर बरोबर आहे. पण ते ग्रंथातले उत्तर आहे. आराधिका भगिनींचे वैशिष्ट्य असे की त्यांनी हे उत्तर आपल्या मालकीच्या जमिनीला लावून पाहिले. भूमी ही सौंदर्याची व अन्नाची देणगी आहे, ती पुढच्या पिढ्यांचा वारसा आहे, ऋतुचक्राशी आपली प्रार्थना जोडलेली असावी, आणि भूमीचा वापर निसर्गाशी सुसंगत व्हावा म्हणून सहकारी शोधावेत, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे. किती धर्मप्रांतांनी, किती व्रतस्थ संघांनी आपल्या सात-बाऱ्यावरील जमिनीविषयी असे काही लिहून ठेवले आहे, ह्याचा विचार आपण मनाशी करावा.

तरी ह्या भूमिनीतीत एक उणीव जाणवते. ती भूमीविषयीचा भाव सांगते, पण भूमीवर पहारा कोणी व कसा ठेवावयाचा हे सांगत नाही. 'राखण' ह्या शब्दात दोन्ही गोष्टी आहेत. आपल्याकडचा शेतकरी राखणीला जातो तेव्हा शेतावरील प्रेमाची भावना मनात घेऊन घरी बसून राहत नाही; तो माळ्यावर चढतो, रात्र जागतो, कोण कोणत्या वाटेने येतो ते पाहतो. आजच्या काळात शेतावर येणारा बहुधा कुंपण मोडून येत नाही. तो अर्ज, अधिसूचना आणि नकाशा ह्यांच्या वाटेने येतो. त्या वाटेवर जो जागत नाही त्याची राखण, भाव कितीही शुद्ध असला तरी, अर्धीच होय.

'देणगी' ह्या शब्दाचाही थोडा विचार व्हावयास हवा. देवाची देणगी हे खरे. पण ती आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आली? लँकेस्टर परगण्याची ही भूमी एके काळी सस्क्वेहॅनॉक लोकांची होती. त्यांच्यापैकी उरलेले कॉनेस्टोगा लोक १७०१ साली विल्यम पेन ह्यांच्याशी झालेल्या मैत्रीच्या कराराच्या भरवशावर तेथे राहत होते. डिसेंबर १७६३ मध्ये सरहद्दीवरील गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या एका टोळीने, जी स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होती, त्यांच्यापैकी सहा जणांना वस्तीत आणि चौदा जणांना, लँकेस्टर गावात सरकारी आश्रयाखाली असताना, ठार मारले. आपल्या भूमीचे पावित्र्य न्यायालयाने मानावे ही भगिनींची मागणी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी त्यांच्या कितीतरी आधी केलेली होती, आणि १९८८ साली कॅलिफोर्नियातील काही जमातींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली होती. ह्यात भगिनींचा काही दोष नाही. परंतु भूमीला 'देणगी' म्हणणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती निवेदनात आभारासोबत कबुलीही असावी, एवढे ह्यावरून निष्पन्न होते. कॉनेस्टोगांपाशी करार होता आणि तरी ते वाचले नाहीत, हीही गोष्ट ध्यानी ठेवावी. कारण पुढे मी कागदाचा कैवार घेणार आहे आणि कागदाचे सामर्थ्य किती मर्यादित असते हे आधीच मान्य केलेले बरे.

३. उपासना की डावपेच?

टीकाकारांनी ह्या प्रार्थनास्थळावर घेतलेला आक्षेप उघड आहे. वाहिनीचा मार्ग आधी ठरला, प्रार्थनास्थळ नंतर उभे राहिले. तेव्हा ते उपासनेसाठी नसून अडथळ्यासाठी होते, उपासनेचा येथे साधन म्हणून वापर झाला, असे ते म्हणतात. हा आक्षेप आपण झटकून टाकू नये. परमेश्वराची आराधना कोणत्याही, कितीही उदात्त, हेतूचे हत्यार होऊ शकत नाही, हे आपल्या परंपरेचे मूलभूत सूत्र आहे.

तथापि पवित्र शास्त्रात वेद्या उभारल्या गेल्या त्या सगळ्या निवांत वेळी नव्हेत. याकोबाने दगड उभा केला तो घरातून पळ काढलेल्या रात्रीच्या पहाटे. संकटाच्या जागी, संकटाच्या घटकेला देवाला हाक मारणे हा डावपेच नव्हे. तो भक्ताचा स्वभाव आहे. माझ्या मते कसोटी निराळीच आहे. अडथळा म्हणून त्या जागेचा उपयोग संपल्यावर तेथील प्रार्थना संपते की चालू राहते? नळ गाडला गेला, माती सारखी झाली, वार्ताहर निघून गेले. त्यानंतरही जी मंडळी तेथे गुडघे टेकते तिची उपासना खरी. ही कसोटी प्रत्येक धर्मग्रामाला लागू आहे. ५ जूनला लावलेले रोप १ सप्टेंबरला, सृष्टीसाठी प्रार्थना करण्याच्या दिवशी, जिवंत आहे काय, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

नाबोथाची आठवण येथे अपरिहार्य आहे. त्यानेही वाडवडिलांचे वतन विकण्यास नकार दिला आणि राजाने देऊ केलेला मोबदला नाकारला. भगिनींचा नकार त्याच कुळीतला आहे आणि तेवढ्यापुरता तो निर्विवाद वंदनीय आहे. परंतु राजांच्या पहिल्या पुस्तकातील तो एकविसावा अध्याय काळजीपूर्वक वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. नाबोथाचा मळा तलवारीने घेतला गेला नाही. पत्रे, शिक्का, वडीलजनांची सभा आणि साक्षीदार ह्यांनी, म्हणजे कायद्याच्या रूपाने, तो घेतला गेला. आणि त्या सभेत नाबोथाच्या बाजूने उभा राहणारा एकही शेजारी नव्हता. एलीया आला तो सर्व आटोपल्यावर.

४. दफ्तरातील रिकामी जागा

आता गोष्टीचा गैरसोयीचा भाग. आपण समजतो की न्यायालयाने भगिनींची श्रद्धा अमान्य केली. तसे झालेले नाही. न्यायालय त्यांच्या श्रद्धेच्या प्रश्नापर्यंत पोहोचलेच नाही. अपील न्यायालयाचे म्हणणे एवढेच होते की, वायू कायद्याने ठरवून दिलेला एक मार्ग आहे : आयोगासमोर हरकत नोंदवावी, परवानगी मिळाल्यास ३० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करावा, तो नामंजूर झाल्यास अपील न्यायालयात जावे. भगिनींनी आपली धार्मिक हरकत त्या मार्गाने आयोगापुढे मांडली नाही, फेरविचारही मागितला नाही; म्हणून धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेऊन त्यांना आता दुसऱ्या दाराने येता येणार नाही. परवानगी ३ फेब्रुवारीची. फेरविचाराची मुदत मार्चच्या आरंभी संपली. प्रार्थनास्थळ उभे राहिले ते जुलैमध्ये.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा : आयोग परवानगी क्वचितच नाकारतो, मग अर्ज करून काय साधले असते? दुसरा : श्रद्धेने वागणाऱ्यांना मुदतींच्या काटेकोर हिशेबात पकडणे हा न्याय आहे काय? दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु पहिल्याचे उत्तर त्याच वाहिनीच्या इतिहासात सापडते, आणि आपल्या प्रवचनांत ते कधी येत नाही.

त्याच परगण्यातील काही जमीनमालकांनी आणि पर्यावरणवादी संस्थांनी मुदतीत फेरविचाराचे अर्ज केले होते. कायद्याप्रमाणे ३० दिवसांत आयोगाने त्यावर कृती केली नाही तर अर्ज फेटाळला असे समजून अर्जदाराला न्यायालयात जाता येते. ही वाट रोखण्यासाठी आयोग 'विचारासाठी आणखी वेळ हवा' एवढाच आदेश काढी. मग अर्जदार अधांतरी राही, त्याला न्यायालयात जाता येत नसे, आणि इकडे जमीन खोदली जाई. पद्धत जुनी होती आणि न्यायालये ती चालवून घेत आली होती. ह्या शेजाऱ्यांनी ती शेवटपर्यंत लढविली. ३० जून २०२० रोजी वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने अशा रीतीने अर्जदारांना ताटकळत ठेवण्याचा अधिकार आयोगाला नाही, असा निर्णय दिला. त्या शेजाऱ्यांच्या पदरी वाहिनीविरुद्ध काही पडले नाही. नळ आजही जमिनीत आहे. पण त्यांच्यानंतर त्या देशात ज्यांच्या ज्यांच्या शेतातून वायूचा नळ जावयाचा असेल त्या सर्वांसाठी एक बंद दार उघडले गेले. हे ज्यांनी केले त्यांची नावे आपल्याकडील प्रवचनांत मी ऐकलेली नाहीत. त्यांच्या कृतीत छायाचित्र घेण्यासारखे काही नव्हते.

ह्यावरून भगिनींचा धिक्कार करावा असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या प्रार्थनेने जे लक्ष वेधले ते कोणत्याही अर्जाने वेधले नसते. अर्ज आणि वेदी ह्यांत निवड करावयाची असती तर मीही वेदीच निवडली असती. माझा मुद्दा असा की निवड करावयाची नव्हतीच. वेदी, शेत आणि दफ्तर ही तिन्ही एकाच राखणीची ठिकाणे आहेत. त्यांतील तिसरे आपल्याला अध्यात्माच्या बाहेरचे वाटते, आणि नेमके तेथेच आपली जागा रिकामी राहते.

'लाउदातो सी'च्या वाचनातही हेच घडले आहे. प्लास्टिक टाळणे, पाणी बेताने वापरणे, अन्न वाया न घालविणे इत्यादी लहान कृती सांगणारा २११ वा परिच्छेद आपल्या परिपत्रकांतून वारंवार येतो; ख्रिस्तप्रसादाचा विश्वाशी संबंध सांगणारा २३६ वा परिच्छेद ध्यानसत्रांत येतो. पण १८३ वा परिच्छेद किती जणांनी मंडळीला वाचून दाखविला? प्रकल्प ठरल्यावर मागाहून त्याच्या परिणामांची तपासणी करण्यात अर्थ नाही, ती प्रारंभापासून व्हावी, दडपणाविना व्हावी, आणि चर्चेत स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असावे, असे पोपमहाशयांनी तेथे स्पष्टपणे प्रतिपादिले आहे. सामाजिक प्रश्न व्यक्तींच्या सत्कृत्यांच्या नुसत्या बेरजेने सुटत नाहीत, त्यासाठी समाजाची बांधणी लागते, हा २१९ व्या परिच्छेदाचा आशयही ह्याच दिशेचा आहे. दफ्तर अध्यात्माच्या बाहेर आहे असे मानण्यास निदान ह्या विश्वपत्राचा आधार नाही.

५. आपल्याकडची वेळ

ही सर्व चर्चा परदेशातील म्हणून बाजूस ठेवता आली असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे अनेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी आवश्यक आहे. सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते. अहवालाचा सारांश इंग्रजीत व स्थानिक भाषेत जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद इत्यादी कार्यालयांत ठेवावा लागतो. कोणासही लेखी हरकत पाठविता येते. आणि सुनावणीचे इतिवृत्त जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. मंजुरी मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत पुन्हा ३० दिवसांचीच आहे. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत ती वाढते, त्यापुढे नाही.

ह्या तरतुदी कागदावरच राहतात असे कोणी म्हणेल. पण कॅसलरॉक ते कुळे ह्या घाटातील रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली, ती गोव्यातील लोकांच्या आंदोलनाला पुराव्यांच्या चळतीची व वेळेवर केलेल्या अर्जाची जोड होती म्हणून. मोले अभयारण्याच्या त्या झाडीतून बेळगाव-गोवा प्रवास करणाऱ्या आपणांपैकी अनेकांना हे ठाऊक असेल.

आपल्या मराठी मंडळ्यांची एक अडचण मात्र विशेष आहे. आपण जेथे राहतो तेथील कारभाराची भाषा कन्नड, गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा कोकणी आहे. सूचना फलकावर लागते, आणि घरात व देवळात मराठी बोलणारा आपला शेतकरी तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. ह्या ठिकाणी धर्मशिक्षकाचे स्थान मोठे आहे. तो बहुधा दोन्ही भाषा वाचणारा, घरोघर जाणारा आणि लोकांच्या विश्वासातील माणूस असतो. रविवारी मिस्सानंतर लग्नाच्या ओळी पुकारल्या जातात तेव्हाच, पंचायतीच्या फलकावर ह्या आठवड्यात काय लागले आहे हे त्याने दोन वाक्यांत सांगितले, तर धर्मग्रामाच्या पर्यावरणकार्याचा निम्मा भाग तेथेच पार पडेल. हरकत घ्यावयाची की नाही हे लोकांनी ठरवावे. प्रापंचिक व्यवहार हे प्रापंचिकांचे क्षेत्र आहे ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण ह्यामुळे मोडत नाही. उलट तिचे पालन होते. लोकांना कळलेच नाही तर ते ठरविणार काय? सरकारी परवानग्यांवर, विशेषतः परदेशी निधीच्या परवान्यावर, आपल्या अनेक संस्था अवलंबून आहेत आणि म्हणून त्या गप्प राहणे पसंत करतात, हेही मला माहीत आहे. ती भीती खोटी नाही. पण फलक वाचून दाखविण्यास कोणत्याही परवान्याची आवश्यकता नाही.

हे मी अधिकाराने सांगत नाही, अनुभवाने सांगत आहे. काही वर्षांपूर्वी मी सीमाभागातील एका धर्मग्रामात असताना पर्यावरणदिनी आम्ही शंभर रोपे लावली. मुलांनी फलक रंगविले, समूहगान झाले, छायाचित्रे धर्मप्रांताच्या पत्रिकेत आली. त्याच पंधरवड्यात गावालगतच्या एका कारखान्याच्या विस्तारावर जनसुनावणी होती. सूचना पंचायतीच्या फलकावर महिनाभर होती. रोपांसाठी खड्डे कोठे खणावेत हे विचारण्यास मी त्या पंचायतीत दोनदा गेलो होतो. फलकाशेजारी उभा राहून बोललोही होतो. सुनावणीस आमच्या मंडळीतले कोणीही गेले नाही. दोन वर्षांनी ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी पिवळसर होऊन त्याला वास येऊ लागला, तेव्हा आम्ही निवेदन घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तेथील अधिकारी सौजन्याने वागले. त्यांनी सुनावणीचे इतिवृत्त काढले, पाने उलटली आणि विचारले, "फादर, तुमच्या गावातून कोणाची हरकत आलेली दिसत नाही. आपण त्या दिवशी कुठे होता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. बरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझी लाज राखण्यासाठी सांगितले, "साहेब, फादर त्या वेळी झाडं लावत होते."

ते वाक्य माझ्या बचावासाठी उच्चारलेले होते. मला मात्र आजही ते कबुलीच्या वेळी आठवते.

६. मडक्यातील खरेदीखत

यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात एक विलक्षण प्रसंग आहे. यरुशलेमला वेढा पडलेला आहे, संदेष्टा स्वतः राजवाड्याच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी तो अनाथोथ येथील शेत विकत घेतो. मला येथे लक्षणीय वाटतो तो त्या व्यवहारातील तपशील. सतरा शेकेल रुपे तोलून दिले जाते. खरेदीखतावर सही होते. साक्षीदार बसविले जातात. एक प्रत मोहरबंद, एक प्रत उघडी ठेवली जाते. बारूखाच्या हाती ती सोपविली जातात आणि पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या मडक्यात ठेवविली जातात. संदेष्ट्याची ही कृती जितकी प्रार्थनेची तितकीच दफ्तराची आहे. त्या अध्यायातील यिर्मयाची दीर्घ प्रार्थना खरेदीखत सोपविल्यानंतर येते, आणि ज्या आशेने तो प्रार्थना करतो तीच आशा त्या मडक्यातही आहे.

पेन्सिल्व्हेनियातील भगिनींनी आपल्याला वेदीचा धडा दिला. त्यांच्या शेजाऱ्यांनी दफ्तराचा. दोन्ही धडे एकाच शेतातले आहेत आणि यापुढे मी दृष्टान्त सांगितलाच तर दोन्ही मिळून सांगेन.

नोंदीचे मोल तर आपणांस शिकविण्याची गरज नाही. धर्मग्रामाच्या कार्यालयातील कपाटात स्नानसंस्काराची, विवाहाची, मृतांची पुस्तके आपण किती जिवापाड जपतो! वाळवी लागू नये म्हणून दरवर्षी ती उन्हात ठेवतो. पन्नास वर्षांनी कोणी दाखला मागावयास आला तर नोंद सापडलीच पाहिजे अशी आपली निष्ठा असते. त्या कपाटात आणखी एका वहीस जागा करावी, एवढीच माझी सूचना आहे. गावच्या ओढ्याविषयी, गायरानाविषयी, टेकडीविषयी कोणती सूचना कोणत्या तारखेस लागली, मंडळीला ती केव्हा वाचून दाखविली, आणि कोणी काय हरकत नोंदविली, हे तीत लिहावे. माझ्या सध्याच्या धर्मग्रामात गेल्या आगमनकाळापासून धर्मशिक्षकांनी अशी वही सुरू केली आहे. आजवर तीत अकरा नोंदी झाल्या असून त्यांतील नऊ किरकोळ आहेत. उरलेल्या दोहोंवर लोक ग्रामसभेत बोलले.